तेरावा गडी

आमच्या गावच्या देवळात जत्रेला नाटक होते. गोव्यातल्या बहुतेक गावांत होते, त्यामुळे यात विशेष काही नाही. नाटक पहाटे संपते आणि खरे नाटक त्यानंतर सुरू होते. चहाच्या दुकानावर, तिंट्यावर, पुढचे आठ दिवस. दिग्दर्शकाला काही कळत नाही, नारदाचे काम त्या पोराला द्यायलाच नको होते, गेल्या वर्षीचा हार्मोनियमवाला बरा होता, समितीने पैसे कुठे घातले कोण जाणे. एखाद्याने वैतागून म्हटले, "तुला एवढे कळते तर पुढच्या वर्षी तूच बसव," तर उत्तर ठरलेले असते. "बसवायला मला वेळ नाही. पण वर्गणी भरलीय, बोलणारच!"

हे उत्तर मला लहानपणी उद्धटपणाचे वाटायचे. आता तसे वाटत नाही. मत बदलले ते मात्र गावात नव्हे, तर कॅनडातल्या एका फुटबॉल संघामुळे. ती गोष्ट आज सांगतो.

माझा एक भाचा रेजायना शहरात नोकरीला आहे. कॅनडात गेलेले आपले बहुतेक गोंयकार टोरांटोच्या आसपास असतात. हा मात्र गेला सस्कॅचवान नावाच्या प्रांतात, जिथे नजर पोचेल तिथपर्यंत गव्हाची शेते आणि हिवाळ्यात उणे तीस. रेजायना ही त्या प्रांताची राजधानी. तिथे संध्याकाळी सात वाजता सामना सुरू झाला की आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. सामना संपल्यावर, म्हणजे आमचा पोदेर येऊन गेल्यानंतर बऱ्याच वेळाने, भाच्याचा फोन येतो. "मामा, त्या कोचाला काढून टाकायला पाहिजे!" सुरुवातीला मला वाटायचे की ऑफिसात काही बिनसले असेल. मग कळले की ही सस्कॅचवान रफरायडर्सची बातमी आहे. पुढे कुतूहल वाढले, वाचत गेलो, आणि त्या संघाचा इतिहास मला आपल्या नाटक समितीच्या इतिहासासारखा दिसू लागला.

आधी थोडा खुलासा. हा फुटबॉल आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, तो हातात घेऊन पळायचे, फेकायचे, अडवणाऱ्याला आडवे करायचे. अमेरिकन फुटबॉलचा हा सख्खा चुलतभाऊ. पण अमेरिकेत एका बाजूचे अकरा खेळाडू मैदानात असतात, कॅनडात बारा. अमेरिकेत दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात, कॅनडात तीनच. चेंडू कुणाकडे फेकायचा हे जो ठरवतो तो क्वार्टरबॅक. संघाचा जीव त्याच्यात. खेळाडू निवडणारा आणि करार करणारा तो जनरल मॅनेजर. त्यांना खेळवणारा तो मुख्य प्रशिक्षक. देशात नऊ संघ आहेत आणि वर्षाच्या शेवटी ग्रे कप नावाच्या करंडकासाठी एकच अंतिम सामना होतो. हा करंडक १९०९ पासून दिला जातो.

रफरायडर्सचा जन्म १९१० चा, रेजायना रग्बी क्लब या नावाने. तेव्हा सस्कॅचवान प्रांत होऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती. १९२४ मध्ये संघाने रफरायडर्स हे नाव घेतले आणि पुढे शहराचे नाव जाऊन प्रांताचे आले. पूर्वेकडच्या मोठ्या शहरांपुढे हा शेतकऱ्यांचा संघ. तरी अंतिम सामन्यापर्यंत तो पुन्हा पुन्हा पोचायचा आणि पुन्हा पुन्हा हरायचा. १९२३ ला हरले. १९२८ ते १९३२ अशी सलग पाच वर्षे अंतिम सामना गाठला आणि पाचही वेळा हरले. १९३४ ला हरले, १९५१ ला हरले. पहिला ग्रे कप मिळाला तो १९६६ साली, व्हँकुव्हरमध्ये, ओटावाच्या संघाला २९-१४ ने हरवून. स्थापनेपासून छप्पन्न वर्षांनी! आपल्याकडे छप्पन्न वर्षांत माणूस निवृत्तीच्या उंबरठ्यावर येतो. ज्यांच्या बापजाद्यांनी छप्पन्न वर्षे वाट पाहिली, त्यांच्या रागाकडे जरा समजूतदारपणे पाहायला हवे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, ती म्हणजे हा प्रांत सहकाराचा आहे. १९२० च्या दशकात इथल्या शेतकऱ्यांनी गहू एकत्र विकण्यासाठी व्हीट पूल ही सहकारी संस्था काढली. गावोगाव रेल्वेच्या कडेला तिची उंच लाकडी कोठारे उभी राहिली. सरकारी खर्चाने सर्वांना वैद्यकीय उपचार ही कल्पना कॅनडात पहिल्यांदा अमलात आली तीही इथेच, १९६२ साली, डॉक्टरांचा संप सोसून. जे एकट्याला झेपत नाही ते सगळ्यांनी वर्गणी काढून करायचे ही इथल्या लोकांची सवय. त्यांचा फुटबॉल संघही तसाच, कुणा शेठजीचा नव्हे. नफा वाटून न घेणारी लोकांची संस्था, आणि प्रांताची सगळी वस्ती आजही सुमारे अकरा-बारा लाख. म्हणजे आपल्या गोव्यापेक्षाही कमी डोकी, आणि ती गोव्याच्या दीडशेपटीहून मोठ्या मुलखात पसरलेली. रेजायनापासून दोनशे-तीनशे किलोमीटरवरचा शेतकरीही सामना पाहायला गाडी हाकत येतो.

आता प्रशिक्षकांकडे वळतो, कारण खरी मौज आणि खरे दुःख तिथेच आहे.

१९६६ च्या विजयाचे दोन नायक. धावणारा जॉर्ज रीड आणि क्वार्टरबॅक रॉन लँकेस्टर. दोघेही १९६३ मध्ये संघात आले. लँकेस्टर बुटका, म्हणून त्याला 'छोटा सेनापती' म्हणत. सोळा वर्षे तो या संघाकडून खेळला. १९६६ ते १९७६ या काळात संघ पाच वेळा अंतिम सामन्यात पोचला. त्यातला जिंकला एकच, पण त्या पिढीचे ते सोन्याचे दिवस. १९७८ नंतर लँकेस्टर खेळातून निवृत्त झाला आणि संघाने लगेच त्यालाच मुख्य प्रशिक्षक केले. सगळ्यांना वाटले असणार, याच्याहून चांगला माणूस कुठला? ज्याने करंडक आणला तोच आता पोरांना शिकवेल.

१९७९ मध्ये संघ सोळा सामन्यांपैकी दोन जिंकला. १९८० मध्येही सोळापैकी दोनच. लँकेस्टरला जावे लागले.

आपल्याकडे ज्याने वीस वर्षे शिवाजी महाराजांची भूमिका गाजवली त्याच्याच हाती दिग्दर्शन द्यावे आणि नाटक पडावे, तसे हे झाले. गावाला राग येतो, पण राग काढताना जीभ अडखळते. लँकेस्टर नंतर दहा वर्षे टेलिव्हिजनवर समालोचन करत होता. त्याला प्रशिक्षणातले काही कळत नाही हे तोवर सिद्धच झाले होते म्हणा ना! मग १९९१ मध्ये एडमंटनने त्याला प्रशिक्षक नेमले. १९९३ चा ग्रे कप एडमंटनने जिंकला. पुढे तो हॅमिल्टनला गेला आणि १९९९ चा ग्रे कप हॅमिल्टनने जिंकला. म्हणजे माणसाला कळत होते. १९७९ साली तो नवशिका होता, संघ म्हातारा झाला होता आणि हाती खेळाडू नव्हते. प्रेक्षकांच्या बाकावरून यातले काही दिसत नाही. तिथून दिसतो तो फक्त फलक.

लँकेस्टर गेल्याने दिवस पालटले असे मात्र नाही. १९७७ ते १९८७ अशी सलग अकरा वर्षे हा संघ बाद फेरीतही पोचला नाही. प्रशिक्षक येत गेले, जात गेले. तिजोरीत खडखडाट झाला. १९८७ मध्ये टेलिव्हिजनवर तासन् तास मदतीचा कार्यक्रम करून लोकांकडून पैसे गोळा करण्याची पाळी आली. आता बघा, अकरा वर्षे हरणारा संघ, प्रशिक्षकाला शिव्या घालून दमलेले लोक, शेतीला वाईट दिवस आलेले, आणि तेच लोक फोन उचलून पैसे कबूल करत होते. १९९७ च्या सुमारासही असेच संकट आले आणि तिकिटे खपवण्याची मोहीम काढून संघ वाचवला गेला. शिव्या देणारे वेगळे आणि पैसे देणारे वेगळे असे नव्हतेच. घरे तीच होती.

या दोन संकटांच्या मध्ये एक चमत्कारही झाला. १९८९ मध्ये जॉन ग्रेगरी हा प्रशिक्षक होता. संघाने नऊ सामने जिंकले, नऊ हरले. म्हणजे साधारणच. पण बाद फेरीत त्यांनी अठरापैकी सोळा सामने जिंकलेल्या एडमंटनला गारद केले, आणि अंतिम सामन्यात हॅमिल्टनला ४३-४० ने हरवले. घड्याळात शेवटचे काही सेकंद उरले असताना डेव्ह रिजवेने मारलेल्या किकवर! ग्रेगरी त्या वर्षीचा सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला. आणि १९९१ च्या मोसमात मध्येच त्याला नारळ देण्यात आला. दोन वर्षांत देव्हाऱ्यातून उकिरड्यावर.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, हे सगळीकडेच चालते. खरे आहे. पण रेजायनात पुढे एक वेगळी गोष्ट घडली. २००४ पासून संघाने लोकांना शेअर विकायला काढले. एका शेअरची किंमत २५० डॉलर. त्यावर लाभांश नाही, नफ्यात वाटा नाही. शेअरबाजाराच्या हिशेबाने त्या कागदाचे मोल शून्य. लोकांनी तो घेतला, चौकट करून भिंतीवर लावला, लेकरांच्या नावावर घेतला. त्या कागदाने मिळते काय? वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेला जाऊन बसायचा, हिशेब पाहायचा, प्रश्न विचारायचा आणि संचालक मंडळाच्या निवडणुकीत भाग घ्यायचा हक्क. आपल्या भाषेत सांगायचे तर वर्गणीची पावती आणि समितीच्या सभेत बोलण्याची मुभा.

गंमत अशी की प्रशिक्षक कोण असावा हे मात्र शेअरवाल्यांनी ठरवायचे नसते. ते संचालक निवडतात. संचालक मंडळ अध्यक्ष नेमते. अध्यक्ष जनरल मॅनेजर नेमतो आणि जनरल मॅनेजर प्रशिक्षक नेमतो. मधे तीन पायऱ्या आहेत. भाच्याला मी एकदा विचारले, "अरे, मग तुमच्या मताला किंमत काय?" तो म्हणाला, "मामा, तुझ्या कोमुनिदादीत तरी गावकरी रोज उठून बांध कसा घालायचा ते सांगतात काय?" मी गप्प बसलो. उत्तर बरोबर होते. गावची जमीन आणि बांध सगळ्या गावकऱ्यांचे, पण बांध घालणारा माणूस वेगळा आणि त्याला हिशेब विचारणारी सभा वेगळी. ही व्यवस्था आपल्या गोव्याला पोर्तुगीज येण्याच्याही आधीपासून ठाऊक आहे.

२००५ मध्ये संघाला पहिला पूर्णवेळ अध्यक्ष मिळाला, जिम हॉप्सन. त्याआधी अध्यक्षपद हे आपला कामधंदा सांभाळून करायचे मानाचे काम होते. हॉप्सन रेजायनाचाच. सत्तरच्या दशकात याच संघातून खेळलेला आणि नंतर शिक्षण खात्यात आयुष्य घालवलेला. त्याच्या काळात संघाचे आर्थिक चित्र पालटले. दोन ग्रे कपही आले. पहिला २००७ साली, प्रशिक्षक केंट ऑस्टिन. हा ऑस्टिन म्हणजे १९८९ च्या विजयातला क्वार्टरबॅक. १९९४ मध्ये तो संघ सोडून ब्रिटिश कोलंबियाच्या संघात गेला तेव्हा रेजायनाच्या लोकांना तो दगा वाटला होता. तेरा वर्षांनी तोच प्रशिक्षक म्हणून करंडक घेऊन आला आणि सगळे माफ झाले. आणि काही आठवड्यांतच तो अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संघाकडे निघून गेला! आता बोला.

पण सगळ्यात विलक्षण गोष्ट २००९ ची. रफरायडर्सचे चाहते स्वतःला 'तेरावा गडी' म्हणवतात. मैदानात बारा आणि बाकावर तेरावा. आपल्याकडे तेरावा म्हटले की भलतेच काही आठवते, पण त्यांना ते भूषण. तर त्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी कॅल्गरीत अंतिम सामना होता, माँट्रियलशी. शेवटच्या क्षणी सस्कॅचवान २७-२५ ने पुढे होता. माँट्रियलच्या डेमन डुव्हालने ४३ यार्डांवरून किक मारली, ती हुकली. वेळ संपली. सस्कॅचवान जिंकला! लोक नाचू लागले. तेवढ्यात पंचाचा पिवळा रुमाल पडलेला दिसला. किकच्या वेळी सस्कॅचवानचे मैदानात बारा नव्हे, तेरा खेळाडू होते. शिक्षा म्हणून दहा यार्ड कमी झाले, किक पुन्हा मारायला मिळाली, ३३ यार्डांवरून ती आत गेली आणि माँट्रियल २८-२७ ने जिंकला. ज्या तेराव्या गड्याच्या जिवावर संघ टिकला, त्याच आकड्याने करंडक घालवला. असा प्रसंग एखाद्या लेखकाने नाटकात घातला असता तर आपण म्हटले असते, जरा अतीच झाले.

बारा माणसे मोजणे हे प्रशिक्षकांचे काम. त्या हिवाळ्यात रेजायनात काय बोलले गेले असेल याची कल्पना करायला मला नाटक समितीचा अनुभव पुरे आहे. तरीही मुख्य प्रशिक्षक केन मिलर पुढच्या वर्षी राहिला आणि संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोचला. पुन्हा माँट्रियलकडून हरला, २१-१८ ने.

यानंतरचा काळ म्हणजे चाहत्यांच्या मतांचा तराजू कसा वरखाली होतो याचा नमुनाच. २०११ मध्ये ग्रेग मार्शल प्रशिक्षक झाला. आठपैकी एक सामना जिंकला आणि ऑगस्टमध्ये त्याला काढण्यात आले. मिलर परत आला, पण मोसम ५-१३ असाच संपला. २०१२ मध्ये कोरी चँब्लिन आला. २०१३ चा ग्रे कप रेजायनातच होता आणि घरच्या मैदानावर, घरच्या लोकांसमोर संघाने हॅमिल्टनला ४५-२३ ने धूळ चारली. हॅमिल्टनचा प्रशिक्षक कोण? केंट ऑस्टिन! चँब्लिनच्या नावाचा तेव्हा जयजयकार झाला. २०१५ मध्ये संघ ओळीने नऊ सामने हरला आणि ऑगस्टच्या अखेरीस चँब्लिन आणि जनरल मॅनेजर ब्रेंडन टेमन दोघांनाही एकाच दिवशी घरी पाठवले गेले. ग्रेगरीचीच गोष्ट, फक्त नावे बदलून. दोन वर्षांनी टोरांटोने ग्रे कप जिंकला तेव्हा त्यांच्या बचावफळीचा प्रशिक्षक चँब्लिन होता.

२०२२ मध्ये ग्रे कप पुन्हा रेजायनात होता. नवे मैदान २०१६ मध्ये बांधून झालेले, तेहतीस हजारांवर आसने, गावात उत्सवाची तयारी, आणि घरचा संघ शेवटचे सात सामने ओळीने हरून बाद फेरीच्याही बाहेर. लग्न आपल्या मांडवात आणि नवरा दुसऱ्याच्या घरचा! भाच्याचे त्या महिन्यातले फोन मी इथे लिहू शकत नाही. मुख्य प्रशिक्षक क्रेग डिकेन्सनला आणखी एक वर्ष मिळाले आणि आक्रमणाची आखणी करणारा जेसन मास याला काढण्यात आले. मासला माँट्रियलने मुख्य प्रशिक्षक नेमले आणि पहिल्याच वर्षी, २०२३ मध्ये, माँट्रियलने ग्रे कप जिंकला. इकडे सस्कॅचवान २०२३ मध्येही शेवटचे सात सामने ओळीने हरला. आता डिकेन्सन गेला. जनरल मॅनेजर जेरेमी ओडे यालाही घालवा असे म्हणणाऱ्यांत माझा भाचा होता. तो एकटा खासच नसणार. पण ओडे राहिला. त्याने कोरी मेस नावाचा, पूर्वी कधीच मुख्य प्रशिक्षक नसलेला तरुण माणूस आणला. "म्हणजे आता आणखी पाच वर्षे गेली," असे भाच्याने जाहीर केले.

१६ नोव्हेंबर २०२५ रोजी विनिपेगमध्ये सस्कॅचवानने माँट्रियलला, म्हणजे त्याच जेसन मासच्या संघाला, २५-१७ ने हरवून ग्रे कप जिंकला. एकशे पंधरा वर्षांतला पाचवा. सोमवारी सकाळी फोन आला. भाचा रडत होता. मी म्हटले, "ओडेला घालवायचे होते ना?" तो म्हणाला, "मामा, तो विषय आज नको."

तर मंडळी, इतक्या वर्षांचा हिशेब मांडला तर चाहत्यांचे मत किती वेळा बरोबर आले? माझ्या मते निम्म्या वेळा, नाणे उडवले तरी तेवढेच आले असते. लँकेस्टर आणि मास इथे नालायक ठरले आणि दुसरीकडे जिंकले. ज्याला घालवायचे त्याने करंडक आणला. डिकेन्सनला बदला म्हणणारे मात्र बरोबर निघाले. तेव्हा लोकांना खेळातले जास्त कळते म्हणून त्यांचे ऐकावे, असे मी म्हणणार नाही. ते खोटे ठरेल.

मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. रेजायनात ओरडणाऱ्या माणसाला जाऊन ओरडायला एक जागा आहे. सभा आहे, हिशेबाचा कागद आहे, उत्तर द्यायला बांधलेला माणूस आहे. आणि त्याच्या संतापाला एक कुंपणही आहे, कारण प्रशिक्षक तो निवडत नाही. संघ आपला असल्यामुळे तो ओरडून झाल्यावर घरी निघून जात नाही, पुढच्या वर्षीचे तिकीट काढतो. शिवी आणि वर्गणी एकाच हाताने दिली जाते. यातली वर्गणी काढून घ्या, उरते ती नुसती शिवी. शिवी काढून घ्या, तर वर्गणीही फार दिवस येणार नाही.

ही व्यवस्था अमर नाही, हेही खरे. व्हीट पूल १९९६ मध्ये शेअरबाजारात गेला आणि २००७ मध्ये ते नावही राहिले नाही. एडमंटनचा संघ १९४९ पासून लोकांचा होता. २०२४ मध्ये तो एका उद्योजकाला विकला गेला. आता त्या नऊ संघांत लोकांच्या मालकीचे दोनच उरले, विनिपेग आणि सस्कॅचवान.

आणि इथे मला आपली आठवण येते. आपल्या गोव्याइतके फुटबॉलवेडे लोक देशात थोडेच. धेंपो पाच वेळा राष्ट्रीय विजेता झाला. साळगावकर दोनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा. फातोर्ड्याच्या मैदानावर प्रशिक्षकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करणाऱ्यांत मीही असायचो. २०१६ मध्ये देशातल्या लीगच्या नव्या रचनेच्या वादात धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. त्यांचा निषेध रास्त होता की नव्हता, हा वेगळा विषय. त्या घराण्यांनी वर्षानुवर्षे पदरचे पैसे घालून संघ चालवले, त्यांचे आपल्यावर उपकारच आहेत. धेंपो तर २०२४-२५ च्या मोसमात पुन्हा आय-लीगमध्ये उतरला, याचा आनंद आहे. पण त्या २०१६ च्या सकाळी पेपर हातात घेऊन बसलो असताना मला उमगले की आपल्याला विचारायला कुणी बांधलेले नाही. आपण चाळीस वर्षे गळे काढले, पण वर्गणी कधी भरली नव्हती. आपली शिवी होती, पावती नव्हती. टेलिव्हिजनवर मदतफेरी काढून संघ वाचवावा असे आपल्याला सुचलेही नाही, कारण तो संघ आपला आहे असे कागदावर कुठेच लिहिलेले नव्हते.

आपल्याला हे जमणारे नव्हते असे मात्र मी मानत नाही. ज्या गावांनी शेकडो वर्षे बांध सांभाळले, देवळे सांभाळली, दर वर्षी घरोघर फिरून नाटकासाठी पैसे जमवले, त्या गावांना वर्गणी म्हणजे काय हे रेजायनाने शिकवायला नको. आपण ती फुटबॉलकडे नेली नाही, इतकेच.

या वर्षी आमच्या जत्रेतल्या नाटकात दुसऱ्या अंकात पडदा अडकला आणि राजा सिंहासनासकट पाच मिनिटे लोकांसमोर ताटकळला. दुसऱ्या दिवशी तिंट्यावर दिग्दर्शकाची शोभा चालली होती. मीही दोन शब्द घातले. शेजारच्या पोराने विचारले, "काका, तुम्हाला नाटकातले काय कळते हो?"

मी खिशातून पावती काढून दाखवली.